गावच्या शाळेला दीड लाखाचा डिजिटल बोर्ड: घ्यावा का?

वडाखालची

मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा लवकर हवाय.

आमचं गाव माण तालुक्यातलं. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट ८३, शिक्षक चार. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. (सहीपुरतं बोलावतात, पण मी बसून राहते आणि प्रश्न विचारते, त्यामुळे हल्ली बोलावण्याआधी जरा विचार करतात.) यात्रेचे उरलेले पैसे आणि मुंबईकर मंडळींची वर्गणी मिळून दीड लाखाच्या आसपास जमलेत. मुंबईकरांचं म्हणणं एकच: शाळेला पंच्याहत्तर इंची टच पॅनेल घ्यायचा आणि खाली 'सौजन्य' म्हणून पितळी पाटी. विकणारा येऊन डेमो देऊन गेला. पृथ्वी गरागरा फिरवली, बेडूक उघडून आतलं हृदय दाखवलं. पोरं खिडकीला लटकून बघत होती. सगळे खूश.

मी म्हटलं, आधी जुनं कपाट उघडा. २०१६ साली याच गावाने वर्गणी काढून शाळा 'डिजिटल' केली होती, भिंतीवर अजून तसं रंगवलेलं आहे. कपाटात निघालं ते असं: लेन्सवर बुरशी आलेला प्रोजेक्टर, त्याचा रिमोट, सेल फुटून हिरवापांढरा झालेला, दोन टॅब, त्यातल्या एकाची बॅटरी फुगून झाकण उचकटलेलं, पहिली ते चौथीच्या सीडींचा गठ्ठा, वरचं प्लास्टिकही न काढलेला, आणि गुंडाळलेला पडदा, ज्यात पालीने संसार थाटला होता. हेडसर म्हणाले, "बल्ब गेला, नवा आणायला गेलो तर ते मॉडेलच बंद झालेलं." बल्ब गेला कधी, हे विचारल्यावर सर खिडकीबाहेर बघायला लागले.

तर पॅनेल घ्यावा का? नको असेल तर एवढ्या पैशांत मुलांच्या खऱ्या उपयोगाचं काय होईल? रविवारी बैठक आहे. "तंत्रज्ञान वाईट, आमच्या वेळी पाटीपेन्सिल होती" असलं काही नको. एमएससीआयटीच्या चलतीच्या काळात माझा स्वतःचा संगणक क्लास होता. अनुभव सांगा.

पेठकर

घ्या की. आमदार येतील, फीत कापतील, पृथ्वी फिरेल, फोटो छापून येईल. फक्त नवीन कपाटाची वर्गणी आत्ताच काढून ठेवा. पंच्याहत्तर इंची जुन्या कपाटात मावायचा नाही.

खडूधारी

ताई, मी झेडपीचाच शिक्षक आहे, जिल्हा सांगत नाही. तुमच्या कपाटाची यादी वाचून हसू आलं, कारण आमच्या कपाटातही हाच ऐवज आहे. पालीसकट.

तो काळ आठवा. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला. शहापूरकडच्या पष्टेपाड्याच्या शाळेतली टॅबवर शिकणारी मुलं तोवर सगळ्यांनी बघितली होती, आणि मग गावोगाव लाटच आली. लाट खोटी नव्हती. लोकांनी खरंच पैसे दिले, आम्ही खरंच रात्री बसून पीपीटी बनवल्या. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड चिकटवायला सुरुवात केली, पुढे बालभारतीच्या पुस्तकांतच कोड छापून यायला लागले, २०१७ च्या शिक्षकदिनी 'दीक्षा' हे सरकारचं अभ्यासाचं पोर्टल सुरू झालं. २०२० साली डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. त्या दिवशी आमच्या शिक्षक कक्षात कुणालाच तास घ्यायचं सुचत नव्हतं.

पण लाटेबरोबर दोन गोष्टी आल्या होत्या. एक मुलांसाठी: टीव्ही, टॅब, प्रोजेक्टर. दुसरी कार्यालयासाठी, म्हणजे माहिती भरायची पोर्टलं: सरल, यूडायस, शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद, आता प्रत्येक मुलाचा ओळख क्रमांक, अपार आयडी. मुलांसाठी आलेली वस्तू बंद पडली तर कुणी विचारत नाही. कार्यालयासाठी आलेली माहिती एक दिवस चुकली की दुपारपर्यंत फोन येतो. मग दहा वर्षांत टिकणार काय?

कालचंच सांगतो. चौथीला अपूर्णांक चालू होते. कागदाच्या घड्या घालून एक छेद चार, एक छेद आठ. एका पोरीने घडी उलगडून मोजली आणि म्हणाली, "गुरुजी, आकडा मोठा झाला आन् तुकडा बारका झाला." हे वाक्य मुलाच्या तोंडून यावं म्हणून आम्ही आठवडाभर घालवतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला: 'अतितातडीचे, सोबतच्या लिंकवर आज ४ पर्यंत माहिती भरावी.' माहिती कसली, तर शाळेत डिजिटल साधने किती व चालू किती. मी 'चालू'च्या रकान्यात काय भरलं असेल ते ओळखा.

पॅनेल वाईट म्हणत नाही. विज्ञानाला, भूगोलाला फार छान. पण पॅनेल चालवणाऱ्या मास्तराचे हात मोकळे आहेत का, हे बैठकीत विचारा. आणि आधारवर सार्थक, रजिस्टरात सार्थक दत्तात्रय, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, असली जुळवाजुळव करायला कुणी पोरगं मानधनावर देता आलं तर त्याच्या पायी रोज वाटलं तर दंडवत घालीन.

मीटररीडर

मी वीज खात्यातला नाही, आयडी गमतीचा आहे. पण शाळांच्या वायरिंगची कामं घेतो. एकच प्रश्न विचारतो, जो इथे अजून कुणी विचारला नाही: शाळेचं लाइटबिल कोण भरतं?

शाळेला घरगुती दर लागत नाही, सार्वजनिक सेवेचा वेगळा गट असतो. वापर शून्य असला तरी स्थिर आकार येतोच. मे महिन्यात शाळा बंद, बिल चालू. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान तुमच्या पटाला, म्हणजे १०० च्या आत, वर्षाला २५ हजारांच्या निकषात बसतं. त्यातच खडू, डस्टर, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि बिल. ग्रामपंचायतीने बिल भरायचा ठराव घेतला असेल तर ठीक. नसेल तर पॅनेल दिवाळीपर्यंत चालेल आणि पुढे जोडणी तुटेल. मी अशा शाळांत वायरिंग केलंय जिथे मीटरच काढून नेलेला होता, आणि वर्गात 'ई-लर्निंग कक्ष' असं लिहिलेलं होतं.

दुसरं, अर्थिंग. बहुतेक शाळांत तिसऱ्या पिनेला काहीच जोडलेलं नसतं. पावसाळ्यात ओल्या हातांची पोरं धातूच्या चौकटीच्या पॅनेलला हात लावणार. आधी अर्थिंगचा खड्डा, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), मग बाकीचं. बोर्डवर पाटी कुणाची लावायची ते नंतर भांडा.

काठावरपास

सगळे नावं ठेवतायत म्हणून लिहितो. मी जालना जिल्ह्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात बारावी केली. कॉलेजात फिजिक्सचे सर नव्हते. म्हणजे कागदावर होते. दोन वर्षांत प्रॅक्टिकलच्या नावावर जर्नल उतरवून घेतलं, बस्स. लातूरला क्लास लावायची ऐपत नव्हती. माझं फिजिक्स पूर्ण यूट्यूबवर झालं. एक हिंदीतला चॅनेल आणि एक मराठीतला.

घरी रेंज नाही. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की येते. तिथे बसून रात्री व्हिडिओ डाउनलोड करायचे, खाली येऊन बघायचे. कळलं नाही की मागे घ्यायचं, परत बघायचं. वर्गात "सर परत सांगा" म्हणायची माझी कधी हिंमत झाली नाही. व्हिडिओतल्या सरांना मी एकच गोष्ट सतरा वेळा विचारली असेल, ते चिडले नाहीत.

आता इंजिनिअरिंगला आहे, सरकारी कॉलेजात. तुम्ही शहरातली माणसं स्क्रीनटाइमवर बोलता तेव्हा आमच्याकडे दुसरा टाइमच नव्हता हे लक्षात घ्या.

पेठकर

@काठावरपास, टोपी काढली. पण मित्रा, तुझ्या गोष्टीत बोर्ड कुठे आहे? फोन तुझा, टाकी गावची, जिद्द तुझी. आणि ज्याने फिजिक्सचे सर नेमले नाहीत तो तुझं उदाहरण देऊन सांगणार की बघा, सरांची गरजच नाही. याची मला जास्त धास्ती वाटते.

काठावरपास

ते खरंय. आमच्या वर्गात अजून चाळीस जण होते. टाकीवर मी आणि एक मित्र, दोघंच चढायचो.

उत्तरध्रुव

स्टॉकहोमहून लिहिते आहे, माझी मुलगी इथल्या शाळेत चौथीत आहे.

स्वीडन हा देश या बाबतीत सगळ्यांच्या पुढे धावला होता. मुलांना टॅब, लॅपटॉप, पुस्तकं हळूहळू बाजूला. बालवाडीतसुद्धा डिजिटल साधनं वापरलीच पाहिजेत असा नियम होता. २०२३ मध्ये सरकारने हा बालवाडीचा नियम मागे घ्यायचं ठरवलं आणि छापील पाठ्यपुस्तकांसाठी त्याच एका वर्षात ६८.५ कोटी क्रोनर बाजूला काढले. त्याआधी चौथीच्या मुलांच्या वाचनाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, पर्ल्समध्ये, इथले गुण २०१६ च्या ५५५ वरून २०२१ मध्ये ५४४ वर आले होते. कारण फक्त स्क्रीन असं कुणी शहाणा म्हणणार नाही. मधल्या काळात स्थलांतरितांची मुलं आली, कोविड आला. पण कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनीही सरकारला लेखी कळवलं होतं की पुस्तकांना आणि शिक्षकाच्या ज्ञानाला परत मध्ये आणा.

मुलीच्या शाळेत काय बदललं? दप्तर जड झालं. ती हाताने लिहिते, ग्रंथालयातून आठवड्याला पुस्तक आणावंच लागतं. गणिताचा सराव मात्र अजून लॅपटॉपवर आहे आणि तो तिला आवडतो. इथल्या बातम्या भारतात 'स्वीडनने स्क्रीनवर बंदी घातली' अशा पोचतात, तसं काही नाही.

खडूधारी

@उत्तरध्रुव, छान माहिती. फक्त एक फरक: तुमच्याकडे पुस्तक परत आलं कारण ठेवायला ग्रंथालय आणि बघायला ग्रंथपाल होता. आमच्याकडे ग्रंथालय म्हणजे कुलूपबंद पेटी. हरवलं तर मास्तराच्या पगारातून जाईल ही भीती, म्हणून पुस्तकं नवीकोरी राहतात.

गणितवाली

थोडं रुक्ष लिहिते, चालवून घ्या. शिक्षणातल्या मोजमापाचं काम करते.

'तंत्रज्ञानाने शिकणं सुधारतं का' हा प्रश्नच पसरट आहे. दोन उदाहरणं घ्या. पहिलं, शंभर डॉलरच्या लॅपटॉपचं. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, बाकी ते आपलं आपण शिकेल, अशी ती कल्पना. भारतातला त्याचा एक पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगडात, कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावर झाला होता, आठवतं कुणाला? पेरू देशाने तर आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये तिथल्या ग्रामीण शाळांचा मोठा अभ्यास आला: गणितात आणि भाषेत काही फरक नाही. मुलं लॅपटॉप चालवायला शिकली, आणि सर्वसाधारण बुद्धीच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली, एवढंच.

दुसरं, दिल्लीतलं. २०१५ साली माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरची तपासणी कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी केली. शाळा सुटल्यावर केंद्रात यायचं, अर्धा वेळ संगणकावर, अर्धा वेळ छोट्या गटात ताईंबरोबर. कुणाला प्रवेश मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, त्यामुळे तुलना चोख. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत दोन्हीकडे घसघशीत वाढ. का? सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं. वर्गात सहावीचं पुस्तक चालू, त्याला तिसरीचं येत नाही. सॉफ्टवेअरने त्याला तिसरीचं दिलं, चुकलं की पुन्हा दिलं, आणि हे शेजारच्याला कळू न देता दिलं.

आता पॅनेल बघा. तो सगळ्या वर्गाला एकच गोष्ट दाखवतो, फक्त रंगीत करून. ज्याला कळतंय त्याला आणखी कळतं. ज्याला नाही तो पृथ्वी फिरताना बघतो. वडाखालची, तुमच्या शाळेत पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचा परिच्छेद वाचता येतो, हे समितीने स्वतः बसून बघितलंय का? एका दुपारचं काम आहे, पैसा लागत नाही. काय विकत घ्यायचं ते त्या दुपारनंतर ठरवा.

जाता जाता: युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात म्हटलंय की शैक्षणिक तंत्रज्ञानातली उत्पादनं सरासरी ३६ महिन्यांत बदलतात. तुमच्या हेडसरांना बल्ब का मिळाला नाही त्याचं उत्तर.

निवृत्त_मास्तर

पेठकरांच्या पिढीला बालचित्रवाणी आठवत असेल. १९८४ साली पुण्यात सुरू झाली. मुलांसाठी मराठीत कार्यक्रम, तेही अभ्यासक्रम माहीत असलेल्या माणसांनी केलेले. आमच्या शाळेला टीव्ही मिळाला होता. कार्यक्रमाच्या वेळी वीज असेल तर ॲन्टेना नीट नसे, ॲन्टेना नीट केला की वीज जाई. तरी पोरांनी जे काही बघितलं ते चांगलं बघितलं. २०१७ साली ती संस्था बंद झाली. म्हणजे ज्या वर्षी 'दीक्षा' आलं त्याच वर्षी. या योगायोगावर कुणी बोललं नाही.

माझं म्हणणं, यंत्र कुठलंही घ्या, त्यावर दाखवायचं मराठीत कोण बनवणार? पॅनेलबरोबर जे येतं ते बहुतेक इंग्रजीचं भाषांतर. मी एक बघितलं, त्यात 'वनस्पती स्वतःचे अन्न बनवतात' या ठिकाणी पाईनची झाडं आणि बर्फ. माणदेशातल्या पोराला बाभूळ दाखवा की! कोविडच्या काळात, जुलै २०२० पासून, सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागायची, पहिली ते आठवीसाठी. त्यात घरातल्या वस्तू, घरातली माणसं, करून बघायच्या गोष्टी. टीव्हीच, पण आपल्या भाषेत विचार करून केलेला. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, तोवर कित्येक घरांत तेवढीच शाळा होती.

कानसेन

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी पूर्ण अंध आहे, बँकेत नोकरी करतो, आणि हा धागा मला संगणक वाचून दाखवतोय.

माझ्या शाळेत ब्रेलची पुस्तकं वर्ष निम्मं सरल्यावर यायची. वाचक मिळाला तर अभ्यास, नाही मिळाला तर नाही. परीक्षेआधी वाचकाच्या घरी पाहुणे आले की माझा पेपर अवघड जायचा. पुढे कॉलेजात एनव्हीडीए हातात आलं. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रॅमरांनी बनवलेलं स्क्रीनरीडर, फुकट. त्या दिवसापासून मला वाचकाची वाट बघावी लागली नाही. तेव्हा 'तंत्रज्ञानाने शिक्षणात काय फरक पडला' हे मला विचारू नका, भावनाविवश होतो आणि प्रतिसाद लांबतो.

तक्रार एवढीच. मराठीत शाळा-कॉलेजांतून येणाऱ्या नोट्स आणि परिपत्रकं आजही स्कॅन करून पीडीएफ केलेली असतात, नाहीतर जुन्या फॉन्टात टाइप केलेली. डोळ्यांना ती मराठी दिसते. माझ्या स्क्रीनरीडरला स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही, आणि जुन्या फॉन्टमध्ये 'नमस्कार'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ ऐकू येतो. युनिकोडमध्ये टाइप करायला एक पैसा जास्त लागत नाही. खडूधारी सर, तुम्ही रात्री बसून नोट्स बनवता, तेवढं बघाल का? तुमच्या तालुक्यात माझ्यासारखं एखादं पोर असेलच.

खडूधारी

@कानसेन, आमच्या केंद्रात एक मुलगा आहे, दुसरीत. उद्याच बघतो. आणि हो, माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका सगळ्या त्याच फॉन्टात आहेत.

वडाखालची

एवढे प्रतिसाद! सगळ्यांना एकत्र लिहिते.

गणितवाली, तुमचं ऐकून शुक्रवारी दुपारी बसले. पाचवीतली मुलं एकेक करून बोलावली, दुसरीच्या बालभारतीतला उतारा पुढे ठेवला. आकडे इथे लिहीत नाही, गावची अब्रू आहे. फक्त डेमोच्या दिवशी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवणारा पोरगा 'विहीर' हा शब्द लावत बसला आणि मग मला म्हणाला, "काकी, फोनवर बोलून शोधता येतं, वाचायला कशाला पायजे?" त्याचं काही चुकत नाही. तो फोनला बोलून विचारतो, व्हिडिओ समोर येतो. त्याच्या दिवसात वाचायची वेळच येत नाही.

काठावरपास, तुझा प्रतिसाद मी घरी वाचून दाखवला. पण आमच्याकडे टाकीवर पोरगीला कोण चढू देईल? फोन घरात एक. दिवसा वडिलांबरोबर रानात, संध्याकाळी भावाच्या हातात. २०२४ च्या 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत आहे: ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची, फोन वापरता येणारी जी मुलं, त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे ३६.२ टक्के, मुली २६.९ टक्के. आमच्या गावात मोजलं तर फरक याहून मोठा निघेल. घरचा फोन 'शिक्षणासाठी' असतो तेव्हा तो कुणाच्या शिक्षणासाठी, हे ठरलेलं असतं. शाळेतलं साधन निदान दोघांना सारखं मिळतं, हा मुद्दा मला पॅनेलच्या बाजूने वाटतो. टॅबच्या बाजूने जास्तच.

येरळाकाठ

कडेगावकडचा आहे, म्हणून हे सांगायलाच हवं. आमच्या शेजारी मोहित्यांचे वडगाव. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजायला लागला. टीव्ही बंद, फोन बंद, साडेआठपर्यंत. मुलं अभ्यासाला, मोठ्यांनीही हातात फोन घ्यायचा नाही. सुरुवातीला बायका म्हणाल्या, मालिका बुडतात. पुरुषांनी तेच मनात म्हटलं. बाहेरच्या वाहिन्या येऊन शूटिंग करून गेल्या, त्याचा तेवढा गवगवा झाला. पण त्यातला मला पटलेला भाग म्हणजे नियम पोरांपुरता नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने त्याच वर्षी अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल बंदीचा ठराव केला होता. ती बंदी पोरांवरच. वडगावात भोंगा वाजला की सरपंचांनीही फोन ठेवायचा.

खर्च: एक भोंगा.

टाचणवही

ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. धाग्याचा विषय शाळेचा आहे तरी पुढची इयत्ता म्हणून लिहिते.

निबंध दिला होता, 'आमच्या गावचा बाजार'. तपासायला घेतले तर एकामागोमाग बाजार 'मानवी संस्कृतीचा आरसा' निघायला लागला. प्रत्येक बाजारात 'परंपरा आणि आधुनिकतेचा संगम'. गाव दिघंची असो की चिपळूण, बाजार तोच. चॅटजीपीटीने लिहून दिलेलं, मुलांनी सुवाच्य अक्षरात उतरवलेलं. कष्ट घेतले नाहीत असं म्हणवत नाही, चार पानं हाताने लिहिली होती.

रागावले नाही. दुसऱ्या तासाला फोन बॅगेत ठेवायला लावून एकेकाला विचारलं, तुझ्या गावच्या बाजारात आत शिरल्यावर पहिलं दुकान कुणाचं? एकाने सांगितलं, "सुकट बोंबील विकणारी मावशी, ती आमच्या आजीला उधार देत नाही." मग का देत नाही, ते पाच मिनिटं रंगवून सांगितलं. म्हटलं, हे लिही. "हे निबंधात चालतं?" हा प्रश्न त्याने खरोखर विचारला. आम्हीच बारा वर्षं त्यांना गाइडमधले निबंध पाठ करायला लावले. आता यंत्र तेच काम फुकट करतंय तर दुकान गाइडवाल्यांचं बसलं, मुलांचं काय वेगळं झालं?

हल्ली मी निबंधाला निम्मे गुण तोंडी देते. साठ मुलांच्या वर्गात ते किती दिवस झेपेल, पाहू.

पेठकर

@टाचणवही, त्या मावशीवर कुणीतरी स्वतंत्र धागा काढा. पॅनेलपेक्षा मला आता त्या उधारीत रस आहे.

वडाखालची

बैठक झाली. वृत्तांत थोडक्यात.

मुंबईकर व्हिडिओ कॉलवर होते. मी मीटररीडरांचा प्रश्न विचारला: बिल कोण भरणार? बराच वेळ सगळ्यांचे माइक म्यूट. मग सरपंच म्हणाले ग्रामपंचायत भरेल. म्हटलं, ठराव लिहा. लिहिला. एवढ्यावरच माझ्या मते बैठक वसूल.

पॅनेल या वर्षी नाही. वायरिंग, अर्थिंग आणि एक इन्व्हर्टर आधी. चौथी-पाचवीच्या मागे पडलेल्या मुलांसाठी काही टॅब, शाळेतच राहणारे, घरी न्यायचे नाहीत, मुलींचा गट आधी. त्यावर नेट न लागता चालणारं मराठी वाचन आणि गणित भरून घ्यायचं. गावातली डीएड झालेली एक सून रोज दुपारी तासभर त्या गटाबरोबर बसेल, तिला मानधन. आणि पोर्टलच्या कामाला महिन्यातून चार दिवस एक मुलगा. हा शेवटचा मुद्दा हेडसरांनी स्वतः मांडला, आवाज किंचित कापत होता.

मुंबईकर नाराज आहेत. अर्थिंगच्या खड्ड्यावर आणि सुनेच्या मानधनावर पितळी पाटी कुठे लावायची, असा त्यांचा सवाल आहे. दोघांनी वर्गणी परत मागितली. एकाने मात्र फोन करून आणखी पाच हजार दिले आणि नाव लावू नका म्हणाला. पेटीतली पुस्तकं मात्र सोमवारीच बाहेर काढली. हरवली तर समिती भरून देईल असं लेखी दिलंय हेडसरांना.

नेट न लागता चालणारं मराठीतलं काही चांगलं कुणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर नावं टाका. जाहिरात नको, वापरलेलं हवं.

मीटररीडर

वायरिंगवाल्याला पूर्ण पैसे देण्याआधी टेस्ट रिपोर्ट मागा. अर्थिंगचं रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा आणि आकडा रिपोर्टवर लिहून घ्या. खड्डा मुलांच्या खेळायच्या जागेत नको, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं कुणाकडे ते आत्ताच ठरवा. माणमध्ये ते कुणाच्या लक्षात राहत नाही. टॅब चार्ज करायला एकाच बोर्डावर मल्टीप्लग लावून सगळे लटकवू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीची तारीख भिंतीवर रंगवून ठेवा, म्हणजे ती बसेल तेव्हा किती वर्षं चालली हे हेडसरांना सांगता येईल.